रानडे-गोखले परंपरेतील गुरुत्वाचे स्वरूप

अर्वाचीन महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात 'गुरू' आणि 'शिष्य' हे शब्द फार सढळ हाताने वापरले गेले आहेत. एखाद्याने दुसऱ्याची चार व्याख्याने ऐकली, त्याच्या पत्रात काही लेख लिहिले किंवा त्याच्या निधनानंतर गौरवपर भाषण केले, एवढ्या आधारावरही चरित्रकार गुरुशिष्यसंबंध जोडून मोकळे होतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२-१९०१) आणि गोपाळ कृष्ण गोखले (१८६६-१९१५) यांचा संबंध मात्र या सैल अर्थाने घेण्याजोगा नाही. तो सुमारे तेरा-चौदा वर्षे टिकला, प्रत्यक्ष कामातून घडला आणि त्याचा पुरावा निवेदने, त्रैमासिकातील लेख व आयोगापुढील साक्ष अशा लेखी साधनांत उपलब्ध आहे. पुढाऱ्याच्या अंगी दुसऱ्यास घडविण्याची शक्ती कशाने येते, या प्रश्नाचा विचार केवळ नीतिपर विधानांनी न करता ऐतिहासिक सामग्रीच्या आधारे करावयाचा असेल, तर हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. त्या शक्तीच्या मर्यादाही याच उदाहरणात दिसून येतात.

प्रथम रानडे यांची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. १८७१ साली ते न्यायखात्यातील अधिकारी म्हणून पुण्यास आले, आणि आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका यांच्या खटपटीने स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे ते लवकरच बौद्धिक सूत्रधार बनले. परंतु ते सरकारी नोकर होते. सभेच्या अर्जांवर त्यांची सही असू शकत नव्हती. १८७८ पासून निघू लागलेल्या सभेच्या त्रैमासिकाचा बराच मोठा भाग त्यांनी लिहिला, तोही नाव न घालता. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या व पुण्यातील आगींच्या सुमारास सरकारला त्यांच्याविषयी संशय आला. त्यांची बदली धुळ्यास झाली व तेथे त्यांच्या टपालावर नजर ठेवण्यात आली. असा मनुष्य सार्वजनिक जीवनात पुढाकार घेणार तो दुसऱ्यांच्या हातांनीच. म्हणजे माणसे तयार करणे हा रानडे यांच्या बाबतीत केवळ सौजन्याचा भाग नव्हता. ती त्यांच्या राजकारणाची निकड होती. या मुद्द्याकडे चरित्रग्रंथांत पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. पडद्यामागून काम करणाऱ्या पुढाऱ्याला आपल्या माणसांचा केवळ लेखणीसारखा किंवा कर्ण्यासारखा उपयोग करून घेण्याचा मोह सहज होतो. रानडे यांनी तो टाळला, आणि त्यांच्या गुरुत्वाचे मर्म शोधावयाचे ते येथेच.

गोखले हे कागलच्या एका सामान्य कुटुंबातील. वडील १८७९ साली वारले. वडील बंधू गोविंदराव यांनी पंधरा रुपये पगारातून महिना आठ रुपये पाठवून त्यांचे शिक्षण चालू ठेवले. १८८४ साली मुंबईस बी. ए. झाल्यावर ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. हिराबागेतील एका समारंभात स्वयंसेवक म्हणून उभे असलेल्या तरुण गोखल्यांनी प्रवेशपत्रिका नसल्यामुळे खुद्द रानड्यांनाच दारात अडविले, ही हकीकत चरित्रकार मोठ्या आवडीने सांगतात. तीतून शिष्याचा काटेकोरपणा दिसतो एवढेच. गुरुत्वाविषयी फारसे काही निष्पन्न होत नाही. खरा संबंध जडला तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, सार्वजनिक सभेच्या कामामुळे. १८९० साली गोखले सभेचे चिटणीस झाले. त्रैमासिकाचे संपादनही त्यांच्याकडे होते.

या कामाचे स्वरूप नीरस होते. सरकारी अहवाल, जमाबंदीचे तक्ते, मिठावरील कराचे आकडे, लष्करी खर्चाची वार्षिक पत्रके हे सर्व वाचावयाचे, त्यातून प्रश्नाला उपयुक्त तेवढे निवडावयाचे, मसुदा करावयाचा आणि तो रानड्यांपुढे ठेवावयाचा. मसुद्यातील विधानाला आधार नसेल तर ते गळे. शब्द आकड्यांपेक्षा मोठा झाला असेल तर तो खाली आणावा लागे. या शिक्षणात आणखी एका व्यक्तीचा वाटा होता व तिचे नाव विसरले जाते. ते म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. सार्वजनिक काकांशी असलेल्या नामसाधर्म्यामुळे विद्यार्थ्यांची येथे वारंवार गफलत होते. हे दुसरे जोशी शिक्षणखात्यात होते, सोलापुरास मुख्याध्यापक होते आणि हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराच्या आकड्यांवर त्यांच्याइतका अधिकार असलेला गृहस्थ त्या काळी विरळा. रानड्यांनी आपल्या शिष्यास स्वतःपुरते बांधून न ठेवता अशा तज्ज्ञाच्या हाती दिले. गोखले त्याच सुमारास आगरकरांच्या 'सुधारका'ची इंग्रजी बाजूही सांभाळीत होते. आगरकरांचा अज्ञेयवाद आणि रानड्यांची प्रार्थनासमाजी ईश्वरनिष्ठा यांत मोठे अंतर असूनही या दुहेरी सहवासाला रानड्यांनी हरकत घेतल्याचे दिसत नाही.

१८९१ सालचा एक प्रसंग स्वतः गोखल्यांनी पुढे सांगितला आहे. सोलापूर व विजापूर जिल्ह्यांत अवर्षणाचे संकट आले होते. सभेने बरीच माहिती गोळा करून मोठ्या परिश्रमाने एक निवेदन सरकारकडे धाडले. उत्तर आले ते दोन ओळींचे. निवेदनातील मजकुराची नोंद घेतली आहे, एवढेच त्यात होते. पंचवीस वर्षांचे चिटणीस हिरमुसले. दुसऱ्या दिवशी रानड्यांच्या सायंकाळच्या फेरफटक्यात त्यांनी विचारले की, सरकार यापलीकडे काही बोलणारच नसेल तर इतका खटाटोप कशासाठी? रानड्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, देशाच्या इतिहासात आपले स्थान कोणते हे तुमच्या ध्यानात आलेले नाही. ही निवेदने नावापुरती सरकारला उद्देशून असतात, खरी ती लोकांसाठी असतात. अशा प्रश्नांचा विचार कसा करावा हे लोकांनी शिकावे, म्हणून ती लिहावयाची. आणि या देशात हे राजकारण सर्वस्वी नवे असल्यामुळे दुसऱ्या कोणत्याही फळाची अपेक्षा न धरता ते पुष्कळ वर्षे करीत राहिले पाहिजे.

या उत्तरात सांत्वन जवळजवळ नाही. पुढच्या वेळी सरकार ऐकेल, असे आश्वासनही नाही. निराश झालेल्या तरुणाला रानड्यांनी दिले ते त्याच्या कामाचे काळाच्या ओघातील मोजमाप. इतिहासाच्या अभ्यासकाची ही दृष्टी त्यांच्या ठिकाणी सहज होती. 'मराठी सत्तेचा उदय' या विषयावरील त्यांचा १९०० साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ त्याच दृष्टीचे फळ होय. एका व्यक्तीच्या पराक्रमामागे पिढ्यांची तयारी असते, हे त्या ग्रंथाचे प्रतिपाद्य, आणि फेरफटक्यातील उत्तराचा मथितार्थही तोच.

रानड्यांच्या शिकविण्याचा दुसरा पुरावा घरातला आहे. १८७३ साली प्रथम पत्नीच्या मृत्यूनंतर वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने असे करावे, याबद्दल समकालीनांनी त्यांना क्षमा केली नाही व इतिहासानेही करण्याचे कारण नाही. परंतु त्याच रमाबाईंना त्यांनी मुळाक्षरांपासून स्वतः शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध पत्करून शिकविले. मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात झालेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले, तेव्हा घरात त्यांच्यावर अबोला धरला गेला. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकात हे सारे त्यांनी विलक्षण संयमाने नोंदविले आहे. त्यातील कलकत्त्याची हकीकत येथे विशेष महत्त्वाची आहे. १८८६ साली सरकारने नेमलेल्या अर्थसमितीच्या कामासाठी रानडे तेथे होते. बंगाली शिकावयाचे म्हणून ते हजामत करून घेताना पुस्तक मोठ्याने वाचीत आणि अडलेल्या शब्दांचे उच्चार न्हाव्याला विचारीत. रमाबाईंनी याची थट्टा केली. रानड्यांनी चोवीस गुरू करणाऱ्या दत्तात्रेयाचा दाखला देऊन ती परतविली. चव्वेचाळीस वर्षांचा, विद्वत्तेबद्दल ख्याती पावलेला न्यायाधीश आपल्या पत्नीसमोर अशा रीतीने विद्यार्थी होतो, तेव्हा ती विद्या घेणारीलाही विद्येचा वेगळाच अर्थ कळतो.

गोखल्यांची पहिली मोठी कसोटी १८९७ साली लागली, आणि तीत यश व अपयश एकाच वर्षात आले. दोन वर्षांपूर्वी सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाच्या ताब्यात गेली होती व रानड्यांच्या मंडळींनी १८९६ साली डेक्कन सभा स्थापन केली होती. वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देण्यासाठी गोखल्यांना विलायतेस पाठविण्यात आले. वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व जी. सुब्रमण्य अय्यर यांच्यासारख्या साक्षीदारांत ते वयाने सर्वांत लहान होते. एप्रिल १८९७ मध्ये झालेल्या त्यांच्या साक्षीमागे रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांची तयारी होती, हे त्यांनी कधी लपविले नाही. उलटतपासणीत मात्र गुरू शेजारी नसतो. तेथे ते टिकले ते पाठ केलेल्या उत्तरांमुळे नव्हे. दहा वर्षे आकड्यांशी झुंजून आलेल्या सवयीमुळे.

त्याच मुक्कामात ती सवय एकदा सुटली. पुण्यातील प्लेगबंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या जुलमाची पत्रे मित्रांकडून त्यांना येत होती. त्यांच्या आधारे, दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप त्यांनी विलायती वृत्तपत्रात केला. २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली व वातावरण पालटले. स्वदेशी परतल्यावर पत्रलेखकांपैकी कोणी पुराव्यासाठी पुढे येईना. गोखल्यांपुढे दोन वाटा होत्या: पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून सुटका करून घेणे, किंवा सर्व जबाबदारी स्वतःवर घेणे. त्यांनी नावे सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये आरोप बिनशर्त मागे घेऊन क्षमायाचना प्रसिद्ध केली. पुढच्याच महिन्यात टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एक तुरुंगात गेला, दुसऱ्याने माफी मागितली, अशी तुलना लोकांनी केली आणि ती अनेक वर्षे गोखल्यांचा पिच्छा पुरवीत राहिली.

या माफीचे मूल्यमापन दोन अंगांनी करावे लागते. राजकीय दृष्टीने ती हानिकारक ठरली यात संशय नाही. प्लेगच्या काळात लोकांना जो जाच झाला तो सगळा जणू काल्पनिक होता, असा अर्थ राज्यकर्त्यांना तीतून काढता आला. तथापि जे सिद्ध करता येत नाही ते बोलू नये, हा ज्या शाळेचा पहिला धडा, तिच्या विद्यार्थ्याला दुसरे काही करणे कठीण होते. गुरूचे शिक्षण शिष्याच्या अंगी किती भिनले आहे, हे त्याच्या विजयापेक्षा अशा पेचात अधिक स्पष्ट होते. त्या वर्षाच्या अखेरीस अमरावतीच्या राष्ट्रीय सभेत गोखल्यांना उघड अवहेलना सोसावी लागली. त्याच अधिवेशनाच्या निमित्ताने झालेल्या रेल्वेप्रवासात, पहाटे चारच्या सुमारास गाण्याच्या आवाजाने गोखले जागे झाले, तेव्हा रानडे उठून बसले होते व तुकोबांचे अभंग टाळीच्या ठेक्यावर पुनःपुन्हा म्हणत होते. डब्यात दोघांखेरीज कोणी नव्हते. गोखल्यांनी ही आठवण सांगितली ती रानड्यांच्या भक्तीचे उदाहरण म्हणून. ज्या महिन्यात ती घडली तो महिना ध्यानात घेतला म्हणजे तिचे वजन वाढते.

येथवरच्या विवेचनावरून रानड्यांचे चित्र निर्दोष वाटण्याचा संभव आहे. तसे ते नव्हते. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात त्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, तेही बहुतांशी मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून. १८९५ साली राष्ट्रीय सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास पुण्यात विरोध होताच त्यांनी ती अन्यत्र हलविली. भांडण वाढू न देण्याचे त्यांचे हे धोरण सहकाऱ्यांना सांभाळणारे होते, पण ज्यांच्यासाठी सुधारणा करावयाची त्यांच्या पदरी त्यातून काय पडले, हा प्रश्न उरतोच. तो सर्वांत आधी आणि सर्वांत तिखट शब्दांत जोतीराव फुले यांनी विचारला. रानड्यांच्या पुढाकाराने १८८५ साली भरलेल्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले, आणि त्याच वर्षी 'इशारा' ही पुस्तिका लिहून शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी रानड्यांनी केलेल्या विधानांचा समाचार घेतला. रानड्यांभोवतीचे शिष्यमंडळ इंग्रजी शिकलेल्या, मुख्यत्वे ब्राह्मण तरुणांचे होते. निवेदने लोकांसाठी असतात हे खरे मानले, तरी ती वाचू शकणारे लोक किती होते? ज्या शिक्षणाचे साधन इंग्रजी अहवाल हे आहे, त्याचा उंबरठा आपोआपच उंच होतो.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस गोखले वरिष्ठ कायदेमंडळात निवडून गेले व २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत शिल्लक वाढते आहे म्हणजे प्रजा सुखी आहे, हा समज त्यांनी आकड्यांनिशी खोडून काढला. दुष्काळाने गांजलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्यामुळेच ही शिल्लक दिसते, असे त्यांनी दाखविले. मिठावरील कर दर मणी अडीच रुपये होता; तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड व १९०७ साली एक रुपयावर आला. या कपातीचे सारे श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सार्वजनिक सभेच्या जुन्या निवेदनांची पद्धत आता खुद्द कायदेमंडळात पोहोचली होती, आणि सोलापूरचे जोशी अजूनही आकडे पुरवीत होते.

गोखल्यांनी स्वतः माणसे घडविण्याचे काम हाती घेतले तेव्हा त्यांनी गुरूपेक्षा निराळा मार्ग धरला. १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना झाली. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन हे पहिले सहकारी. सभासदाने सात शपथा घ्यावयाच्या, स्वतःसाठी द्रव्य मिळवावयाचे नाही, आणि पाच वर्षे प्रथम सभासदाच्या देखरेखीखाली शिक्षण घ्यावयाचे, असा नियम होता. जे रानड्यांच्या फेरफटक्यात व मसुद्यांच्या दुरुस्तीत अनौपचारिकपणे घडत होते, ते आता घटनेच्या कलमांत आले. यात लाभ होता तसाच तोटाही. संस्थेमुळे काम व्यक्तीच्या आयुष्यापलीकडे टिकले: देवधरांनी रमाबाई रानडे यांच्याबरोबर पुण्यातील सेवासदन उभे केले, नारायण मल्हार जोशी कामगार चळवळीकडे गेले, ठक्करबाप्पा भिल्लांमध्ये व अस्पृश्य गणल्या गेलेल्यांमध्ये राहिले. रानड्यांच्या काळात उंच राहिलेला उंबरठा या मंडळींनी काही अंशी ओलांडला, आणि तोही मसुद्यांच्या खोलीतून बाहेर पडून. तोटा असा की, कलमांत न बसणारा शिष्य आला तर त्याचे काय करावयाचे, याचे उत्तर कलमांत नसते.

असा शिष्य आलाच. मोहनदास गांधी १८९६ साली गोखल्यांना प्रथम भेटले. पुढे कलकत्त्यास महिनाभर त्यांच्याजवळ राहिले. १९१२ साली गोखल्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला तो त्यांच्यासाठीच. 'हिंद स्वराज्य' गोखल्यांना पटले नव्हते. ज्या पाश्चात्त्य संस्थांचा अभ्यास करीत रानडे-गोखल्यांची हयात गेली, त्यांनाच त्या पुस्तकात नकार दिलेला होता. गांधींनी मात्र आपले राजकीय गुरू म्हणून जन्मभर गोखल्यांचेच नाव घेतले. जानेवारी १९१५ मध्ये ते स्वदेशी परतले तेव्हा गोखल्यांनी त्यांना एक वर्ष देश पाहण्याचा व सार्वजनिक प्रश्नांवर न बोलण्याचा सल्ला दिला. हा सल्ला रानड्यांच्या शाळेतलाच होता: आधी माहिती, मग मत. समाजाच्या सभासदांना गांधींच्या प्रवेशाविषयी शंका होती, कारण त्यांची ध्येये आणि कार्यपद्धती निराळी होती. गोखल्यांनी ती शंका जाणली, दडपली नाही. परंतु सभासद करून घेतले जावो वा न जावो, आपण तुम्हाला सभासदच मानतो, असे गांधींना सांगितले, आणि त्यांच्या आश्रमाच्या व सार्वजनिक कामाच्या खर्चासाठी समाजाच्या वहीत त्यांचे खाते उघडण्यास डॉ. देव यांना बजावले. मतभेद असलेल्या माणसाच्या कामाला असा आधार देण्याचे हे औदार्य रानड्यांकडून आले की गोखल्यांचे स्वतःचे, हे ठरविणे अवघड आहे. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. गांधींच्या प्रवेशावरून सभासदांत दोन तट पडले, आणि गुरूच्या संस्थेत आपल्यामुळे फूट पडू नये म्हणून गांधींनी आपला अर्ज मागे घेतला.

पुढे १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या जयंतीच्या दिवशी, पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रानडे, गांधी व जीना यांच्यावर व्याख्यान दिले. रानड्यांच्या अनुयायांच्या राजकीय दुर्बलतेवर त्यांनी टीका केली, पण खुद्द रानड्यांच्या थोरवीविषयी शंका ठेवली नाही; कायद्याने दिलेल्या हक्कांना समाजाच्या सदसद्विवेकाचे बळ नसेल तर ते कागदावरच राहतात, हे रानड्यांनी ओळखले होते, असे त्यांनी प्रतिपादिले. फुल्यांनी १८८५ साली दूर ठेवलेल्या माणसाची ही नोंद फुल्यांना आपले गुरू मानणाऱ्या विचारवंताने केली.